रेटिंगसाठी खिशातले पैसे घालू नकोस, बाळ्या

प्रिय बाळ्या,

परवा तू फोन ठेवलास तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाहीये. म्हणते पोरगं दमून आलेलं आणि तुम्ही हिशोब विचारत बसलात. मी हिशोब नाही रे विचारला, एवढंच विचारलं की मार्चएंडला टार्गेट भरायला त्या स्टॉकिस्टकडे (औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे) जो माल गेला त्यात तुझ्या खिशातले पैसे किती. त्याचं उत्तर आलं नाही. टार्गेटच्या १०४ टक्के विक्री करून पण पाचपैकी ३ रेटिंग दिलं, आता राजीनामाच टाकतो, एवढं बोललास आणि फोन कट. म्हणून हे टाइप करतोय, सवडीने वाच, पण वाच.

आधी हे सांगतो की १०४ टक्के म्हणजे काय ते मला कळतं. अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, तिकडचं ऊन, पाठीला ती बॅग, डॉक्टरच्या दाराबाहेर पेशंट संपेपर्यंत उभं राहायचं आणि आत गेल्यावर दोन मिनिटं मिळाली तर मिळाली. आपल्या घरात विकायचं काम कुणी केलेलं नाही. नानांना तर दुकानात भाव करायचीसुद्धा लाज वाटायची. तू कुठून शिकलास कुणास ठाऊक. मी इथे सगळ्यांना सांगतो, पोरगा अकोला हेडक्वार्टर एकटा सांभाळतो.

आता रेटिंगचं. माझी नोकरी पाटबंधारेच्या आस्थापना शाखेत गेली, लोकांचे गोपनीय अहवाल माझ्याच कपाटात असायचे, त्यामुळे साहेब लोक शेरे कसे लिहितात हे मी जवळून पाहिलंय. पण आमच्याकडे पगारवाढ त्या शेऱ्यावर नसायची. सातव्या वेतन आयोगात वर्षाला ३ टक्के, शिक्षा म्हणून रोखली नसेल तर सगळ्यांना. शेरा आडवा यायचा तो प्रमोशनला. २००८ साली सुप्रीम कोर्टाचा देवदत्त विरुद्ध भारत सरकार असा निकाल आला, तो आमच्या शाखेत सगळ्यांनी वाचला होता. बॉर्डर रोड्समधे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते ते. प्रमोशनला पाच वर्षं 'व्हेरी गुड' लागायचं आणि त्यांना एका वर्षी नुसतं 'गुड' लिहिलेलं, ते त्यांना कळवलंही नव्हतं, कारण गुड म्हणजे वाईट थोडंच. तेवढ्यावर माणूस अडकला. कोर्टाने सांगितलं की शेरा कसाही असो, सरकारी नोकराला तो कळवायलाच पाहिजे. तुझं ३ म्हणजे तेच 'गुड' आहे बघ. तुला निदान कळवलं तरी. पण तो निकाल सरकारी लोकांपुरता, आणि तुमच्या एमआर लोकांसाठी, म्हणजे औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींसाठी, १९७६ चा जो कायदा होता (२०२५ मधे तो नव्या कामगार संहितेत गेला) त्यात नेमणूकपत्र, रजा वगैरे होतं, रेटिंगबद्दल एक अक्षर नव्हतं.

मग मी दाजींना विचारलं. चिडू नकोस, तुझं नाव घेतलं नाही, सहज विचारल्यासारखं विचारलं. ते मीटिंगमधे पलीकडच्या बाजूला, रेटिंग देणाऱ्यांत बसतात ना. ते म्हणाले, बाबा, वाढीचा आकडा आधी ठरतो आणि रेटिंग नंतर. म्हणजे हेड ऑफिसमधून एकूण बजेट येतं, मॅनेजरच्या हाताखाली दहा जण असतील तर ५ एखाद्यालाच देता येतं, ४ दोघातिघांना, बाकीचे ३ मधे बसवायचे. सगळ्यांनी टार्गेट केलं तरी बसवायचेच. मग सगळे आरएसएम (रीजनल सेल्स मॅनेजर) एकत्र बसतात तिथे आपल्या माणसासाठी कोण किती भांडतो त्यावर पण असतं. आणि ३ ला आणि ४ ला वाढीत फरक किती, तर बऱ्याच ठिकाणी दोनतीन टक्के. तुझ्या बेसिकवर महिन्याला काय पडतात काढून बघ, आणि मार्चमधे तू घातलेस (घातले असशील तर) ते किती, तेही शेजारी लिही.

विक्रीच्या आकड्यावर सरळ पैसे मिळतात ते इन्सेंटिव्हमधे, तिमाहीला, आणि तो तुला मिळालाय. प्रमोशनचं वेगळंच. एबीएमची (एरिया मॅनेजरची, तुझ्या वरची) जागा रिकामी झाली पाहिजे, बदलीला तयार पाहिजे, आणि चार पोरांना सांभाळेल का हे बघतात. दोन वर्षं बरं रेटिंग लागतं पण ते नुसतं दार उघडायला. खालचं रेटिंग मात्र खरंच चावतं, १ किंवा २ आलं की वाढ नाही, पीआयपी (म्हणजे सुधारायला ठरावीक मुदत), मग घरी. म्हणजे माझ्या मते रेटिंग माणसाला वर न्यायला कमी आणि खाली ढकलायला जास्त उपयोगी पडतं. तू खाली नाहीयेस. मग राजीनामा कशासाठी? दुसरीकडे ऑफर हातात असेल तर जरूर दे, सेल्समधे खरी उडी कंपनी बदलतानाच मिळते असं दाजीही म्हणाले. पण रागात नको.

बघ, परत लेक्चर सुरू झालं, सॉरी. तू दहावीला असताना पण मी असाच मागे लागायचो आणि तू ताटावरून उठून गच्चीत जायचास, मग आई वाटीत दहीभात घेऊन वर यायची. तुला तेव्हाही सांगितलेलं आवडायचं नाही, पण ऐकायचास.

तरी ते एक विचारल्याशिवाय राहवत नाही. कंपनी प्राइमरी मोजते, बरोबर? माल स्टॉकिस्टकडे गेला की तुझा सेल झाला. पण केमिस्टकडे उठला नाही तर तो तिथेच पडणार, मग एक्स्पायरी, रिटर्न, आणि स्टॉकिस्ट तुझ्याच मागे लागणार. वरून पुढच्या वर्षीचं टार्गेट त्या १०४ वरच वाढवून येणार. म्हणजे स्वतःच्या पैशाने स्वतःच्याच डोक्यावरचं ओझं वाढवायचं. आणि एवढं करून ३. क्रेडिट कार्डवर उचललेत का? आपल्या सोसायटीत एकाचा मुलगा असाच दर मार्चला घालत गेला, शेवटी त्यांना गावची जमीन काढावी लागली. मी तुला घाबरवत नाहीये, मीच घाबरलोय.

तर आता मॅनेजरला शांतपणे मेल कर. भांडायचं नाही, तीनच गोष्टी लेखी विचार, ३ कशावर दिलं, ४ साठी काय कमी पडलं, एबीएमसाठी काय धरतात. आणि सेकंडरीचे (स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे गेलेल्या मालाचे) आकडे, नवीन जोडलेले डॉक्टर, हे दर महिन्याला स्वतःकडे लिहून ठेव, कारण साहेबाला फेब्रुवारी-मार्चच आठवतो. हे मी आस्थापनेत बघितलंय, माणूस बदलत नाही.

पैसे घातले असशील तर रक्कम सांग. माझ्या ग्रॅच्युइटीची एफडी ऑगस्टमधे सुटतेय, ताईला काही सांगणार नाही, आणि ओरडणार पण नाही. आईला मी अजून यातलं काहीच बोललेलो नाही, तिचं बीपी तुला माहितीये. माझ्याशी बोलायचं नसेल तर नुसता आकडा टाइप करून पाठव.

तुझे,
बाबा