जुन्या धनुष्याला कोणती दोरी?

संपादक महोदय,

वडिलांचे 1960च्या दशकातले रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य मी गेल्या वर्षी माळ्यावरून काढले आणि दुकानदाराने ‘आजची सर्वोत्तम’ म्हणून दिलेली डायनीमा या कृत्रिम धाग्याची दोरी त्याला चढवली. थोड्याच दिवसांत वरच्या टोकाला, फास बसतो त्या खाचेशी, केसाएवढी चीर दिसली, तेव्हा जीव हळहळला.

बाण सुटल्यावर दोरी अचानक थांबते त्या क्षणी डॅक्रॉन हा पॉलिएस्टरचा धागा किंचित ताणला जाऊन हिसका सोसतो. डायनीमा जवळजवळ ताणलेच जात नाही, त्यामुळे तो सारा हिसका टोकांवर येतो. अशा न ताणणाऱ्या दोऱ्या 1980च्या दशकात रूढ झाल्यावर धनुष्यांची टोके अधिक बळकट होऊ लागली. त्याआधीच्या बहुतेक धनुष्यांत ते बळ नाही. फास जाड करून घेतल्याने खाच कमी कापली जाते, पण हिसका काही टळत नाही.

परंपरेच्या प्रेमापोटी काही जण मेण लावलेली लिननची दोरी सुचवतात. तीही फारशी ताणली जात नाही, शिवाय झिजून ऐन खेचताना तुटली तर धनुष्यच मोडू शकते. माझ्या 40 पौंडी (खेचायला लागणारा जोर) धनुष्याला आता 14 पदरी डॅक्रॉन आहे. बाणाचा वेग थोडा घटला, त्याचे मला दुःख नाही.

दोरी विकण्यापूर्वी विक्रेत्यांनी धनुष्य कोणत्या काळातले आहे एवढे तरी विचारावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे