खुलं पत्र: जागृती झाली, मंत्रिमहोदय, आता गोळ्या द्या

प्रति,
मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

दिवसभर मी दुसऱ्यांचे अर्ज भरते. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. विषय, संदर्भ, 'आपला विश्वासू' हे सगळं मला झोपेतही लिहिता येतं. पण आजचा विषय माझ्या घरचा आहे आणि तो त्या साच्यात बसत नाही, म्हणून हे उघड पत्र.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. 19 वर्षं झाली. त्याचं नाव लिहीत नाही, कारण उद्या त्याला याच गावात दळण घेऊन गिरणीवर जायचं आहे.

गेल्या 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कार्यक्रम झाला. शाळेच्या मुलींची फेरी निघाली, पथनाट्य झालं, गेटवर दोन खांबांना फ्लेक्स लागला. त्यावर तुमचा हसरा फोटो आणि खाली 'मनातलं बोला, मदत मागा' असा मजकूर. व्यासपीठावरून साहेबांनी जाहीर केलं की दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी मानसोपचारतज्ज्ञ इथे येतील, गोळ्या इथेच मोफत मिळतील, जिल्ह्याला जायची गरज नाही. मी टाळ्या वाजवल्या. माझा भाऊ माझ्या शेजारी बसला होता, त्यानेही वाजवल्या.

नोव्हेंबरात डॉक्टर आले. डिसेंबरातही आले. जानेवारीत 'आज मीटिंग आहे' असं कळलं. फेब्रुवारीत कोणी काही सांगितलंच नाही. मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी आम्ही साडेनऊला पोचलो तर खोलीला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर आत सलाईनचे खोके रचलेले आणि डॉक्टरांच्या खुर्चीवर घडी करून ठेवलेला तोच फ्लेक्स. दुपारी एकपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. तिथे आणखी 14 माणसं होती. एक म्हातारे बाबा लेकीला घेऊन पहाटेच्या एसटीने आले होते. शेवटी औषधाच्या खिडकीवर विचारलं. उत्तर मिळालं, 'शिल्लक नाहीत, बाहेरून घ्या.'

बाहेरून घ्या. सरकारी दवाखान्यात हे दोन शब्द इतके सरावाचे झालेत की बोलणाऱ्याला त्यांचं ओझं वाटत नाही. ते ओझं काय असतं, ते सांगते.

माझ्या भावाला क्लोझापाइन चालू आहे. इतर दोन औषधांनी गुण येत नाही तेव्हा हे देतात. सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, कारण पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका असतो. आणि या गोळीत 48 तासांपेक्षा जास्त खंड पडला तर आधीचा डोस एकदम देता येत नाही. साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा हळूहळू वर जावं लागतं. म्हणजे तुमच्या गोदामात जे आठवडाभर 'शिल्लक नाही' असतं, ते आमच्या घरी कित्येक आठवडे मागे जाणं असतं.

गावच्या मेडिकलमध्ये हे औषध येत नाही. तालुक्याच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, ताई, ही तीन महिन्यांपूर्वीची आहे, यावर देता येणार नाही. त्याचं बरोबर होतं. नवी चिठ्ठी देणारा माणूस मात्र तालुक्यात नव्हता.

सहा दिवस गोळी नाही. आमच्याकडे भिंतीवर कालनिर्णय आहे. पूर्वी रुग्णालयात एक समुपदेशक ताई होत्या, त्यांनी भावाला सवय लावली होती की गोळी घेतली की त्या तारखेवर निळ्या पेनाने बरोबरची खूण करायची. चार वर्षं त्याने ती सोडली नव्हती. मार्चच्या पानावर सहा चौकोन कोरे आहेत. तिसऱ्या रात्रीपासून त्याची झोप गेली. चौथ्या दिवशी त्याने टीव्हीची वायर काढून ओल्या टॉवेलात गुंडाळली, कारण टीव्ही बंद असतानाही त्यातून त्याचं नाव घेतलं जात होतं. मी त्याला म्हटलं नाही की असं काही नसतं. इतक्या वर्षांत एवढं शिकले आहे. फक्त शेजारी बसले.

त्या रात्री मी 14416 वर फोन केला. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाला आणि मी तो गावात कित्येकांना लिहून दिलाय. पलीकडची मुलगी मराठीत, फार मायेने बोलली. सगळं ऐकून म्हणाली, उद्याच्या उद्या जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तिचा सल्ला अगदी योग्य होता. पण फोनवरून गोळी येत नाही, आणि आमच्यासाठी जवळचा म्हणजे 70 किलोमीटर. माणसाला घराच्या उंबऱ्याची भीती वाटते तेव्हा त्याला एसटीत कसं बसवायचं, हे एकदा कुणीतरी येऊन दाखवावं.

सहाव्या रात्री तो दार उघडून निघून गेला. पहाटे शेजारच्या गावात लोकांना दिसला. अनोळखी माणूस, अनवाणी, स्वतःशी बोलतोय. चोर समजून त्याला लिंबाला बांधलं. तिथल्या पोलीसपाटलांनी ओळखलं म्हणून फोन आला. मी पोचले तेव्हा तो शांत उभा होता आणि मला म्हणाला, 'ताई, मी यांना सांगितलं की आज गुरुवार नाही.' दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ होते. पुढे पोलिसांत गेलो तर तिथे मला विचारलं गेलं, 'वेडा आहे ना, मग घरी बांधून का ठेवत नाही?'

मंत्रिमहोदय, मी त्या साहेबांना उत्तर देऊ शकले नाही. तुम्हाला देते. कारण संसदेने 2017 साली मानसिक आरोग्य सेवा कायदा केला आणि त्याच्या कलम 95 ने कुणालाही, कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधायला बंदी घातली. कारण 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडी इथे एका झोपडीला आग लागली, तिथले रुग्ण साखळीने जखडलेले होते आणि 28 माणसं गेली. बांधून ठेवलेल्या माणसाला पळता येत नाही, हे देशाला त्या दिवशी कळलं असेल असं मला वाटत होतं. त्याच कायद्याचं कलम 100 सांगतं की असा माणूस भटकताना दिसला तर पोलिसांनी त्याला 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. हा कायदा मी ऑफिसच्या प्रिंटरवर काढून घेतला आणि त्यासाठी लागलेले कागद घरून आणून ठेवले. ठाण्यात तो कुणी पाहिलेला नव्हता.

आता कलम 18 घ्या. सरकारची अत्यावश्यक औषधांची यादी असते, तिच्यातली मानसिक आजाराची औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत आणि सर्व काळ मिळाली पाहिजेत. कुठून पुढे? सामुदायिक आरोग्य केंद्रापासून पुढे. आपल्याकडे त्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात. म्हणजे ज्या खिडकीवर मला 'बाहेरून घ्या' सांगितलं, तीच खिडकी. आणि क्लोझापाइन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मी भीक मागायला आले नव्हते. कायद्याने जे माझ्या भावाचं आहे, ते न्यायला आले होते.

तुम्ही म्हणाल, तज्ज्ञ नाहीत, कुठून आणायचे? खरं आहे. जागतिक पातळीवर लाखामागे 3 मानसोपचारतज्ज्ञ असावेत असं म्हणतात, आपल्या देशात एकसुद्धा पुरता नाही. पण याच कायद्याच्या कलम 31 मध्ये सरकारने स्वतःलाच मुदत घालून घेतली आहे, 10 वर्षांत लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञ वाढवण्याची. कायदा लागू झाला 2018 ला. म्हणजे 2028. साहेब, माझ्याकडे कुणाचा दाखला मुदतीत निघाला नाही तर मला कारणे दाखवा नोटीस येते. तुम्हाला कोण पाठवतं?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा. माझ्या जन्माच्याही आधीचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 चा. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 2015-16 मध्ये देशभर सर्वेक्षण केलं, तेव्हा प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि आजारागणिक 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. सन 2022 मध्ये आपल्या राज्यात 22,746 आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वांत जास्त. हे आकडे तुमच्या टेबलावर माझ्या आधी आलेले असतात. तरी दरवर्षी ऑक्टोबरात उत्तर तेच येतं, जनजागृती.

जागृती आमची झाली आहे हो! आई आता भावाला देवऋषाकडे नेत नाही. पहिली दोन वर्षं नेलं, अंगारे झाले, कोंबडी झाली, त्यात 40,000 रुपये आणि एक गाय गेली. शेवटी तीच म्हणाली की हा मेंदूचा आजार आहे, दवाखान्यात जाऊ. ती अक्षरओळख नसलेली बाई जिथे पोचायला हवं तिथे पोचली. तिथे कुलूप होतं. लोकांना मदत मागायला शिकवायचं आणि मागायला आले की खिडकी लावून घ्यायची, याने काय होतं माहीत आहे? त्या पहाटेच्या एसटीने आलेल्या बाबांनी मला विचारलं, 'पोरी, तो वरच्या वाडीचा भगत निदान भेटतो तरी, नाही का?' मला त्यांना 'नाही' म्हणता आलं नाही.

आणि जागृतीच करायची तर आधी तुमच्या सहकाऱ्यांची करा. माइक समोर आला की नेते एकमेकांना म्हणतात, याला ठाण्याला पाठवा, त्याला येरवड्यात भरती करा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, ही आपली प्रादेशिक मनोरुग्णालयं. तिथे कुणाची तरी आई आहे, कुणाचा तरी मुलगा आहे. तुमच्या तोंडी त्या गावांची नावं शिवीसारखी येतात आणि मग आमच्या गावातली पोरं तीच शिवी माझ्या भावाला गिरणीवर घालतात. फ्लेक्स छापून ती पुसली जात नाही.

मार्ग नाही असंही नाही, याचा मला जास्त राग आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला होता. गावपातळीवरचे साधे कार्यकर्ते घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलायचे, ऐकून घ्यायचे, जास्त त्रास असेल त्याला डॉक्टरपर्यंत पोचवायचे. नैराश्य असलेल्यांपैकी आधी 4.3 टक्के लोक उपचार शोधायचे, नंतर 27.2 टक्के. हे परदेशात झालं नाही. आपल्याच मातीत, जिथे शेतकऱ्यांच्या आत्महत्या मोजल्या जातात तिथेच झालं. मग ते प्रत्येक तालुक्याचं रोजचं काम का होत नाही? प्रकल्प संपला की कार्यकर्ता संपतो आणि अहवाल तेवढा उरतो.

आमच्या त्या समुपदेशक ताईंचंही तेच झालं. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. एका वर्षी तो खंड संपलाच नाही. त्यांच्याइतकं माझ्या भावाला कुणी ओळखत नव्हतं. तो कोणत्या आवाजाला घाबरतो, कुणाचं ऐकतो, सगळं त्यांना ठाऊक होतं. मानसिक आजारात अर्धं औषध म्हणजे ओळखीचा माणूस. तो माणूस तुम्ही कंत्राटावर ठेवता, आणि हे फक्त तुमच्या खात्याचं नाही. मीही कंत्राटी आहे, मानधन तीन-तीन महिने थकतं. आशाताई कंत्राटीसुद्धा नाही. तिच्या गळ्यात आता मनाचं आरोग्यही बांधलं. सगळं सरकारच तात्पुरत्या माणसांच्या खांद्यावर उभं आहे आणि आजार मात्र जन्मभराचे आहेत. शिबिर झालं की फोटो अपलोड होतो, संख्या भरली जाते. किती शिबिरं झाली ते तुम्ही मोजता. किती जणांना सलग बारा महिने गोळी मिळाली हे मोजणारा रकाना त्या पोर्टलवर आहे का? मी रोज पोर्टलं भरते, म्हणून विचारते.

मागणी फार मोठी नाही. दुसऱ्या गुरुवारी डॉक्टर यावेत. येणार नसतील तर निदान चिठ्ठी नवी करून देणारा प्रशिक्षित वैद्यकीय अधिकारी तिथे असावा. गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा खिडकीच्या आत असावा आणि संपत आला की वर कळवणारा एक जबाबदार माणूस नावानिशी ठरलेला असावा. समुपदेशक कायम असावा. आणि पोलीस ठाण्यांत कलम 100 ची एक मराठी प्रत लावा. त्या प्रिंटचे पैसे मी देते.

भाऊ आता पुन्हा साडेबारापासून वर चढतोय. रक्तासाठी आम्ही भाड्याची गाडी करून जातो. हाताचे वळ गेले. कालनिर्णयवर निळ्या खुणा परत सुरू झाल्यात, पण कोऱ्या राहिलेल्या सहा चौकोनांवरून तो अजून बोट फिरवतो आणि विचारतो, 'ताई, हे माझ्यामुळे ना?'

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारवर त्याने आत्ताच गोल केलाय. आम्ही साडेनऊला तिथे असू.

आपली,
एका रुग्णाची बहीण