पेटी सोडणाऱ्यांना दोष देण्यापूर्वी

महोदय,

भजनी मंडळाने हार्मोनियम बाजूला ठेवून इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतला, की ‘आता सुरांची पारख उरली नाही’ असा शेरा ऐकू येतो. तो मला अन्यायाचा वाटतो. वादक जुने वाद्य सोडतो तो बहुधा त्याच्या आवाजाला विटून नव्हे. ते वाहून नेणे आणि सुरात ठेवणे झेपेनासे होते म्हणून. परदेशातही असेच घडले. साठेक किलोंचा ऱ्होड्स इलेक्ट्रिक पियानो कार्यक्रमागणिक उचलून थकलेल्या अनेकांनी १९८३ मध्ये आलेला यामाहाचा डीएक्स-७ हा हलका इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड जवळ केला. पुढे ऱ्होड्सच्या नादासाठी कित्येक वादक त्याच्याकडे परतलेही.

आपल्या पेटीने तर याहून कठीण काळ पाहिला आहे. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणे) निघत नाही, श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म भेद) साधत नाहीत, अशा आक्षेपांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती शिथिल व्हायला १९७१ साल उजाडले. तरी कीर्तनातली, भजनातली आणि नाट्यसंगीतातली पेटी जागची हलली नाही. भात्याचा दाब कमी-अधिक करून गाणाऱ्याच्या दमाबरोबर सूर फुलवता येतो, हे त्यामागचे मोठे कारण. (वीज गेली तरी काकडा थांबत नाही, हे मराठवाड्यातील वाचकांना वेगळे सांगायला नको.)

बंदीला जे जमले नाही, ते कारागिरांच्या टंचाईने होऊ लागले आहे. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, आमच्याकडच्या उन्हाळ्यात तेच आक्रसून सांध्यांतून हवा गळते. हवेने थरथरून स्वर देणारे पेटीतले पितळी पाते म्हणजे ‘सूर’; त्याच्या जिभेचे टोक घासले की स्वर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. हात जरा जड पडला तर तो सूरच बदलावा लागतो. हे काम करणारा माणूस जवळपास नसेल, तर बटण दाबून पट्टी बदलणारा कीबोर्ड घेणाऱ्याला बेइमान कसे म्हणावे?

म्हणून मराठवाड्यातील विद्यापीठांच्या संगीत विभागांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मिळून पेटी दुरुस्तीचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू करावा, आणि आज हे काम करणाऱ्या जुन्या कारागिरांनाच, पदवीची अट न घालता, तेथे मानधनावर शिकवायला बोलवावे, अशी विनंती आहे.

— एक हार्मोनियमवादक, अंबाजोगाई (जि. बीड)