जुन्या लष्करी इस्पितळाच्या ओलीबद्दल

प्रिय सुहास,

फोटो पाहिले. लोणा, म्हणजे भिंतीवरचा मिठाचा पांढरा थर, फुटलाय तो जमिनीलगत नाही, कमरेच्या उंचीवर, नेमका सिमेंटचा गिलावा संपतो तिथे. म्हणजे दुखणं मूळ भिंतीचं नाही, मागाहून केलेल्या डागडुजीचं. चुन्यातली भिंत जमिनीतली ओल पिते आणि अंगावरूनच वाळवते. सिमेंटने अंग बंद केलं की ओल वर चढते. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि विटेचा भुगा होतो.

म्हणून रंगाचं नाव आत्ता नको. आधी पन्हळी बघ, फुटकी कौलं बदल, जोत्याभोवती चढलेली माती वीतभर खाली उतरव. मग सिमेंट काढ, पण ब्रेकरने नाही. छिन्नी तिरकी धरून हातानेच. लोणा कोरड्या ब्रशने झाडून उचलून न्यायचा. पाण्याने धुतलास तर तो परत आत जातो. उन्हाळाभर भिंत उघडी राहू दे.

गिलाव्याला एक भाग मुरलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू. सुरखी (विटेची भुकटी) घालायची तर तेवढी वाळू कमी कर. थर १० ते १२ मिलिमीटरचा. एका दमात जाड मारला की तडकतो. आठवडाभर तरी ओलं गोणपाट टांगून ठेव, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो आणि त्याला ओलावा लागतो. लवकर धरावं म्हणून गवंडी पाटीत मूठभर सिमेंट टाकेल. तिथे उभाच राहा.

फॉल्स सीलिंग मात्र काढच. हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यावरच्या १८६३ च्या ब्रिटिश शाही आयोगाच्या अहवालानंतर लष्करी इस्पितळांत खेळत्या हवेवर भर आला. रोग दूषित हवेतून होतात ही तेव्हाची समजूत चुकली, इमारती मात्र बरोबर उतरल्या! आढ्याजवळचे झरोके बुजवले की लाकूड घामेजतं.

छत पेलणाऱ्या सागवानी कैच्यांचं मधलं लाकूड सहसा ठणठणीत असतं. कुजतं ते भिंतीत शिरलेलं टोक. तेवढंच कापून वाळलेल्या सागाचा सांधा दे आणि टोकाभोवती बोटभर फट मोकळी सोड, चुन्याने बुजवू नकोस.

टोक उघडलंस की टोचणी किती आत जाते ते कळव. सांध्याची लांबी त्यावर ठरेल.

तुझा,
अनिल