वॉटसनचे बिडाचे खांब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत काळ्या घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच पूर्वीचे वॉटसन हॉटेल, पाडावी की राखावी, यावर अधूनमधून वाचायला मिळते. त्या इमारतीत एका वकीलसाहेबांकडे मी एकोणतीस वर्षे कारकुनी केली, म्हणून हे पत्र.

आमची जागा म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलातली एक खोली. छत इतके उंच, की मध्ये पोटमाळा टाकून एकीच्या दोन केलेल्या. खाली साहेब आणि अशील. वर मी, टाइपरायटर आणि फितीने बांधलेले कागदांचे गठ्ठे. पोटमाळ्याच्या कोपऱ्यातून एक खांब वर गेला होता. रंगावर रंग चढलेला, त्यामुळे मी तो लाकडाचा समजत होतो. एकदा किल्ल्यांचा जुडगा त्यावर आपटला आणि आवाज आला धातूचा. आईचा घावनाचा तवा ज्या बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता, त्याच बिडाचा हा खांब!

मग मी माहिती काढत गेलो. जॉन वॉटसन यांचे हे हॉटेल १८७१ साली सुरू झाले. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून सुट्या भागांत बोटीने आणला आणि मुंबईत जोडला. भार सगळा खांब आणि तुळयांवर, मधल्या विटांच्या भिंती भरीच्या. आजच्या टॉवरची रीत हीच आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे एक रुपया तिकिटात इथेच दाखवली गेली, हे पुष्कळांना ठाऊक असते. सांगाड्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते तीच या इमारतीची खरी श्रीमंती.

ती खंगली कशाने, तेही पाहिले आहे. पोटमाळे, वाढीव मोऱ्या, लोखंडी कपाटे यांचे ओझे आम्ही भाडेकरूंनीच चढवले. त्याहून वाईट पाणी. मुरलेल्या पाण्याने लोखंड गंजते, गंज फुगून मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि लगतच्या विटा फोडतो. आमच्या खिडकीखाली अशी भेग दर पावसाळ्यात रुंदावत गेली. भाडी नाममात्र, दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा हे ठरलेच नाही. २००५ साली पश्चिमेकडचे सज्जे कोसळून एक जीव गेला. २०१९ मध्ये इमारत रिकामी झाली. माणसे बाहेर काढली हे योग्यच झाले.

पण जी वास्तू सुटे भाग जोडून उभी राहिली, तिचा खराब झालेला भाग सोडवून बदलताही येतो. काम नाजूक आहे. बीड दाबाला भक्कम, ताणाला मात्र तडकते, त्याला साधे वेल्डिंग चालत नाही. जाणता कारागीर हवा, पैसाही भरपूर हवा. ऑर्डिश यांचाच अल्बर्ट पूल लंडनमध्ये १८७३ पासून उभा आहे. तोही अशक्त झालाच होता. १९७३ मध्ये त्याला मधोमध काँक्रीटचे आधार दिले, २०१० मध्ये वाहतूक बंद ठेवून पुन्हा डागडुजी केली. लंडनकरांनी पूल मोडीत काढला नाही.

माझी विनंती एवढीच, की आधी पोटमाळे आणि नंतरची भर उतरवावी, सांगाडा मोकळा करावा, एकेक खांब तपासून त्याचा निष्कर्ष लोकांपुढे ठेवावा आणि मगच काय तो निर्णय घ्यावा. बाहेरच्या लटकत्या सज्ज्यांवरून आतल्या खांबांचा निवाडा करू नये.

जागा सोडताना गठ्ठे उतरवायला मी साहेबांच्या मदतीला गेलो होतो. शेवटचे कपाट सरकवताना कोपऱ्यातल्या त्या खांबाचा रंगाचा पोपडा तळहाताएवढा निघून आला. खालचे बीड काळेभोर होते, गंजाचा ठिपकाही नव्हता. दुसऱ्या मजल्यावर, विद्यापीठाच्या बाजूला तो खांब आहे. तपासायला जाणाऱ्यांनी तोही जरूर पाहावा.

आपला नम्र,
एक निवृत्त वकिली कारकून, डोंबिवली