डॅक घेण्याआधी

ता. दर्यापूर, जि. अमरावती
कार्तिक

प्रिय गजू,

सप्रेम नमस्कार. तुझा फोन आला तेव्हा मी केंद्रावर होतो. समोर सातबारा काढायला आलेल्यांची रांग, त्यामुळे धड बोलता आलं नाही. तसाही हा विषय फोनवर उरकण्यासारखा नाही. म्हणून लिहून पाठवतो. जवळ ठेव आणि पैसे मोजण्याआधी एकदा वाचून घे.

भजनी मंडळाच्या बहुतेक कॅसेटी तू संगणकात उतरवल्यास, आता एकेक ऐकून शब्द लिहून काढणार आहेस, हे ऐकून मला फार आनंद झाला. त्या आवाजांपैकी किती जण आज हयात आहेत? हे काम कोणीतरी करायलाच हवं होतं. ते नीट व्हावं म्हणून हेडफोनसाठी अँप आणि डॅक घ्यायचं तुझ्या मनात आलं, तेही रास्त आहे. पण पुण्याच्या तुझ्या मामेभावाने पंचवीस-तीस हजारांचं यंत्र सुचवलं, तिथे मी तुला थांबवतो. सोयाबीन काय भावाने गेलं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. तुझ्या कामाला अँप आणि डॅक दोन्ही पोटात असलेली हजार-दोन हजारांची डबी पुरते. उरलेला पैसा हेडफोनवर घाल, आणि त्याहून आधी घराच्या अर्थिंगवर.

ही डबी करते काय, ते आधी सांगतो. संगणकातलं गाणं म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांचा विजेचा चढउतार बनवतो तो डॅक. तो चढउतार फार अशक्त असतो, त्याला हेडफोनचा पडदा हलवण्याइतकं बळ देतं ते अँप. दोन्ही तुझ्या संगणकाच्या मदरबोर्डवर आधीपासून आहेत, म्हणून तर आज तुला ऐकू येतंय. मग वेगळं घ्यायचं कशाला? कारण तिथे शेजारीच प्रोसेसर, पंखा, हार्ड डिस्क यांचा विजेचा गोंगाट चालू असतो, आणि कॅबिनेटच्या पुढच्या भोकापर्यंत जी वायर येते ती त्या सगळ्या गर्दीतून येते. तू म्हणालास ना, माउस हलवला की कानात किरकिर होते? ती तीच. यूएसबीवर चालणारी डबी हे काम कॅबिनेटच्या बाहेर आणते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेच किरकिर जाते.

आता आकड्यांकडे वळू, कारण दुकानदार तुला आकड्यांनीच दिपवणार. डब्यांवर ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ असं ठळक छापलेलं असतं. सीडी १९८२ साली बाजारात आली ती १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर. १६ बिट म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर, आणि ४४.१ किलोहर्ट्झ म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा सूर पकडता येतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंतच जातो, तोही लहानपणी. तुझ्या कॅसेटींत तर फितीची स्वतःची सरसर इतकी, की हे अंतर पन्नास-साठ डेसिबलच्या पुढे जातच नाही. म्हणजे सीडीच्या दर्जाचा डॅकसुद्धा तुझ्या फितीपेक्षा कितीतरी पुढे आहे. मोठ्या आकड्यांचे पैसे देऊ नकोस.

ज्या दोन आकड्यांकडे खरंच बघायचं ते दुकानात कोणी सांगत नाही. ते हेडफोनच्या कागदावर असतात: इम्पिडन्स, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते, ओहममध्ये, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती मोठ्याने वाजतो ते, डेसिबलमध्ये. कोणती डबी लागेल हे तिथे ठरतं. म्हणून आधी हेडफोन पक्का कर, डबी मग बघ. तुझ्यासमोर दोन पर्याय आहेत ना, मामेभाऊ देतोय तो बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, २५० ओहमवाला, आणि दुसरा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स. मी दोघांचा हिशोब मांडून ठेवलाय.

बायरडायनॅमिकची सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला ९६ डेसिबल. २५० ओहममध्ये एक मिलिवॅट घालायला अर्धा व्होल्ट लागतो. डबीने एक व्होल्ट दिला तर चार मिलिवॅट जातात आणि आवाज १०२ डेसिबलपर्यंत चढतो. दुसरा हेडफोन ४७ ओहमचा, सेन्सिटिव्हिटी तीच ९६. त्याच एका व्होल्टवर त्यात २१ मिलिवॅट जातात आणि आवाज १०९ च्या घरात पोचतो. कागदावर दोघांची सेन्सिटिव्हिटी सारखी, पण एकाच डबीवर सात डेसिबलचा फरक. म्हणून नुसता ओहम बघून किंवा नुसता डेसिबल बघून काही कळत नाही, दोन्ही एकत्र धरावे लागतात. आणि काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटला सांगतात, काही व्होल्टला, तेही बघून घे, नाहीतर तुलना फसते.

आता शब्द ऐकून लिहिताना तू आवाज कितीवर ठेवशील? सत्तर-पंचाहत्तर डेसिबल झाला तरी खूप. टाळ वाजला, खंजिरी जोरात आली की त्याच्या वर पंधरा-वीस डेसिबल उसळी. म्हणजे पंचाण्णवपर्यंत गेलं. दोन्ही हेडफोनना एक व्होल्टची डबी पुरली की नाही? मोठ्या अँपवाचून २५० ओहमचा हेडफोन चालतच नाही, असं तुला सांगितलं गेलंय. तुझ्या कामापुरतं ते खरं नाही. वाद्यवृंदाचं फार हळू रेकॉर्ड केलेलं संगीत मोठ्याने ऐकायचं असेल तर त्याला दोन-तीन व्होल्ट देणारं काहीतरी हवं, ते मान्य.

बरं, हजाराच्या आसपास एक व्होल्ट देणारी डबी कोणती? ॲपलचा यूएसबी-सी ते ३.५ एमएमचा जो बोटभर लांबीचा डोंगल येतो, तो. तेवढ्याशा वायरीत डॅक आणि अँप दोन्ही आहेत, आणि विंडोजवर काही न टाकता चालतो. तुझ्या संगणकाला लंबगोल तोंडाचं सी पोर्ट नसेल तर साध्या यूएसबीचं कन्व्हर्टर लावून घे. एक सांभाळ: अँड्रॉइड फोनला लावला तर बऱ्याच फोनवर त्याचा आवाज फार हळू येतो. संगणकावर ती अडचण नाही. युरोपात विकला जातो तो अर्ध्या व्होल्टचा आहे, म्हणून परदेशातून कोणी आणून देत असेल तर कुठून घेतला ते विचार.

हाताने फिरवायचं बटन हवंच असेल, आणि मला वाटतं तुला ते आवडेल कारण दर ओळीला आवाज कमी-जास्त करावा लागतो, तर फिओचा ई१०के सारखी टेबलावर ठेवायची डबी बघ. यूएसबीवरच चालते, वेगळा अडॅप्टर लागत नाही, पुढे व्हॉल्यूमचं बटन, बासचा खटका, आणि गेन, म्हणजे अँप आवाज किती पटीने वाढवतं ते, कमी-जास्त करायची सोय. गेन कमीवरच ठेव. याच्या वर जायचं कारण मला दिसत नाही.

आउटपुट इम्पिडन्स हीसुद्धा बघायची गोष्ट आहे. अँपचा स्वतःचा ओहम हेडफोनच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा, असा साधा नियम आहे. काही मदरबोर्डच्या पुढच्या भोकांचा तो बराच जास्त असतो, आणि मग ज्या हेडफोनचा ओहम सगळ्या सुरांना सारखा नसतो त्याचा खर्ज फुगतो, माणसाचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो. तो ॲपलचा डोंगल साधारण एक ओहमचा, त्यामुळे तिथे चिंता नाही. हा मुद्दा लोकांच्या डोक्यात बसवला तो एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंजिनिअरने. २०११ साली त्याने ओटू नावाच्या हेडफोन अँपचा पूर्ण नकाशा सगळ्यांसाठी खुला केला, कोणीही बनवा म्हणून. भाग साधेच, पण प्रत्येक गोष्ट मोजून दाखवलेली. स्वतःचं नाव त्याने कधी सांगितलं नाही. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. महाग म्हणजे चांगलं, हे मापं न दाखवता कोणी म्हणू नये, हा धडा मी त्याच्याकडून घेतला.

आता अर्थिंग. पुण्या-मुंबईचे लोक डॅकवर तासन्‌तास बोलतील, पण हे त्यांच्या डोक्यातही येत नाही, कारण त्यांच्या घरी तिसरी पिन खरोखर जमिनीत जाते. आपल्याकडे बोर्डाला तीन भोकं असतात आणि मागे तिसऱ्याला वायरच नसते. तुझ्या कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी उभं राहून हात लावला की मुंग्या येतात ना? संगणकाच्या पॉवर सप्लायमधून थोडा करंट कायम पत्र्यावर येत असतो, आणि त्याला जमिनीत जायला वाट मिळालेली नसते. तोच पुढे ऑडिओच्या वायरीत घुसतो आणि ५० हर्ट्झची घूंऽऽ ऐकू येते. कॅसेट प्लेयर संगणकाला जोडल्यावर ती वाढते, हेही तू सांगितलंस. वीस हजारांचा डॅक आणलास तरी ती जाईलच असं नाही.

तेव्हा वायरमनला बोलव, घरामागे खड्डा करून मीठ-कोळशाची अर्थिंग नीट करून घे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ओल खोल जाते आणि अर्थिंग निकामी होते. म्हणून खड्ड्यात पाइप उभा ठेवायला सांग आणि चैत्र-वैशाखात त्यात अधूनमधून पाणी ओतत जा. घूं घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, घरात लेकरं आहेत. हे सगळं होईस्तोवर तुझ्या पोरीचा लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालव आणि त्यावर ऐकून बघ. घूं गेली तर दोष लाइनीत आहे, हे तुला तिथल्या तिथे कळेल. लाइन गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकत असशील तर तो साईन वेव्हचा आहे का तेही बघ, स्क्वेअर वेव्हवाला असला तर त्याची किरकिर निराळी येते.

राहिलेल्या कॅसेटींबद्दल थोडक्यात. या डब्या आवाज बाहेर काढण्यासाठी आहेत, कॅसेट आत उतरवून घेण्यासाठी नाहीत. कॅसेट उतरवायला तू मदरबोर्डचं मागचं निळं भोक वापरतोस ते चालू दे. माइकच्या गुलाबी भोकात मात्र कॅसेट प्लेयर लावू नको, तिथे आवाज फाटतो.

दुकानात घ्यायला गेलास, नागपूरला बर्डीवर किंवा अमरावतीला, तर स्वतःची एक फाइल पेनड्राइव्हवर ने. ती गणपतीतल्या जागराची ने, ज्यात म्हातारबुवा तिसऱ्या कडव्याला दम घेतात आणि मागून कोणीतरी हळूच शब्द पुरवतं. तो मागचा शब्द ज्यात ओळखू येईल तो हेडफोन तुझा. आधी काहीही न वाजवता आवाज पूर्ण वाढवून कानाला लाव आणि सरसर येते का बघ. मग आवाज पूर्ण खाली आणूनच फाइल लाव. दोन डब्यांची तुलना करताना आवाज सारखा ठेवायला सांग. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो, आणि विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं.

आणि गजू, कान सांभाळ. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलवर. तू रात्र-रात्र बसणारा माणूस. शब्द कळेना म्हणून आवाज वाढवत जाऊ नकोस, तेवढा तुकडा हळू वेगाने लाव, जास्त कळतं.

मामेभावाला नाराज करू नकोस, तो प्रेमाने सांगतोय. त्याचा हेडफोन तो अर्ध्या किमतीत देत असेल तर घे, वस्तू टिकाऊ आहे, कानाच्या गाद्या बदलून मिळतात. यंत्राला मात्र नाही म्हण.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद. तूर फुलावर आलीय, फवारणी झाली की मी एखाद्या रविवारी येतो. येताना मल्टिमीटर आणतो, तोवर वायरमनकडून खड्डा करून ठेव. लिहून झालेल्या भजनांची वही काढून ठेव, मला वाचायची आहे.

तुझा,
विजू