सुऱ्या, मिआटाचं इंजिन गेलं

कोलंबस, ओहायो

प्रिय सुऱ्या,

गणपतीनंतर लिहितो म्हणालो होतो, दिवाळीही उलटली. रागावू नकोस. आमचं सगळं ठीक, माझी शुगर आटोक्यात, हिचा खांदा बराच मोकळा झालाय. आता मुद्द्याचं. माझ्या मिआटाचं, त्या दोन सीटच्या माझदा गाडीचं, इंजिन गेलं.

घरात सांगितलं तर "जुनीच होती ना" एवढ्यावर विषय संपतो. तुझ्याकडे संपणार नाही म्हणून लिहितोय. खालून टकटक यायला लागली होती. गार असताना कमी, तापली की जास्त, आणि वेगात ॲक्सिलरेटर हलका सोडला की अगदी स्पष्ट. ऑइल काढून सुती फडक्यातून गाळलं. फडक्यावर टॉर्च मारला तर रव्याहून बारीक चमचम, मधेच एखादा तांबूस कण. म्हणजे बिग एंड बेअरिंगचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो तिथलं) वरचा थर संपून खालचं तांबं लागलं. आणि कॉम्प्रेशन? चारही सिलिंडरला १७५ पीएसआयच्या वर, ठणठणीत! नुसतं कॉम्प्रेशन बघून इंजिन घेणाऱ्याला हे दाखवायला हवं.

सांगलीत असतो तर क्रँक ग्राइंड करून, अंडरसाइज बेअरिंग टाकून हाफ इंजिन काम करून घेतलं असतं. इथे मशीन शॉपची मजुरीच गाडीच्या किमतीला भिडते. तेव्हा दुसरं इंजिन बघायचं, दीड हजार डॉलरमध्ये. त्यात टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच आणि क्रँकचं मागचं ऑइल सील आलं. इंजिन बाहेर असताना ते बदललं नाही तर पुन्हा तीच हमाली.

तू लगेच म्हणशील, १.८ लिटरचं टाक. मलाही मोह होतोय. माझं १.६ लिटरचं, ११६ हॉर्सपॉवर. १९९४च्या मॉडेलपासून माझदाने १.८ दिलं, १२८चं. माउंटिंग जसंच्या तसं बसतं, गिअरबॉक्स आहे तोच चालतो. पण मग फ्लायव्हील आणि क्लच १.८चे घ्यायचे, २०० मिलिमीटरच्या जागी २१५ची प्लेट. एक्झॉस्टचा पुढचा पाइप जुळत नाही. आणि माझा डिफरन्शिअल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा) बारीक, १.८बरोबर माझदाने तोही मोठा दिला होता, तो काय उगाच? बारा हॉर्सपॉवरसाठी एकामागून एक सुटे भाग घेत बसायचं.

१९९९चं इंजिन त्याहून सरस, १४० हॉर्सपॉवर, सिलिंडर हेडच सुधारलेलं. पण त्याची वायरिंग आणि माझ्या गाडीतला इंजिन चालवणारा कॉम्प्युटर यांचं जमवायला वेगळा खर्च. २००१पासूनच्यात व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा आली, ती माझ्या कॉम्प्युटरला चालवताच येणार नाही. सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे फोर्ड एस्कॉर्ट जीटी. १९९१ ते ९६च्या त्या गाडीत माझदाचंच १.८ आडवं बसवलेलं आहे. भंगारात मातीमोल मिळतं, पण ऑइल पॅन, इनटेक मॅनिफोल्ड, पाण्याचे मार्ग, सगळं गाडीच्या लांबीत बसणाऱ्या इंजिनाचं करून घ्यायचं. हे तुझ्या आवडीचं काम आहे, माहितीये मला. तू आंघोळीलासुद्धा खिशात पाना घेऊन जाणारा माणूस.

आणि इथेच काकांची जीप आठवते. पेट्रोल इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल बसवलं, तेव्हा तू म्हणालास ॲव्हरेज बघ, मी म्हणालो आरसे बघ, थरथरीने त्यात काही दिसतंय का! अण्णांनी दोघांनाही चहा न देता हाकललं. मी अजूनही त्याच मतावर आहे. जीप चालली, काकांचे पैसे वाचले, पण ती जीप राहिली नाही. मिआटाचं १.६ सात हजार आरपीएमपर्यंत जे हसत हसत जातं, त्यासाठी तर ती घेतली. मला जास्त ताकदीची गाडी नको, हीच परत हवी.

म्हणून १.६च शोधतोय. एक १९९०चं बघितलं, तेव्हा आधी क्रँकच्या पुलीवरच्या खाचा मोजल्या. चार निघाल्या, सोडून दिलं. सुरुवातीच्या इंजिनांत, १९९१च्या मध्यापर्यंत, क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. त्यात पुली जागेवर धरणाऱ्या चावीची (की) खाच झिजून पुली डुगडुगायला लागते. नंतरच्यात आठ खाचा. माझं आठचंच आहे.

आता दोन उरलीत. एक १.८, पॅलेटवर बांधलेलं, हजार डॉलर, तीस दिवसांची वॉरंटी, पण वॉरंटी इंजिनाची, मजुरीची नाही. दुसरं १९९३चं १.६, सातशे डॉलर, मागून ठोकलेल्या गाडीत अजून सुरू होतं. माझं मन दुसऱ्यावर आहे. पॅलेटवरच्या इंजिनाचा आवाज कोण ऐकवणार?

पण त्यातही टिकटिक आहे, सुऱ्या. या इंजिनांचे हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हची फट भरून काढणारे) गार असताना वाजतातच, ऑइल चढलं की गप्प होतात. ती टिकटिक वरून, हलकी. बेअरिंगची खालून, जड. मला वरचीच वाटली, पण मालक घाईत होता, गाडी पुरती तापू दिली नाही. स्वतःचं इंजिन नुकतंच घालवलेल्या माणसाला सगळीकडे टकटकच ऐकू येते. शनिवारी पुन्हा जाणार आहे. पूर्ण तापवणार, लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ब्लॉक ऐकणार, आणि एकेका इंजेक्टरचा प्लग काढून आवाज बदलतो का बघणार. बेअरिंग गेलं असेल तर त्या सिलिंडरला आवाज दबतो, हे तूच शिकवलंस, त्या येझदीनंतर.

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? सईला सीओईपीला मिळालं हे पक्याकडून कळलं, तू कळवलं नाहीस. तिला माझा शाबासकीचा फोन येईल. शेडचं काम कुठवर आलं? वहिनींना नमस्कार.

गार आणि गरम, दोन्ही रेकॉर्डिंग शनिवारी तिथूनच पाठवतो. तुझ्याकडे रात्र असेल, तरी हेडफोन लावून ऐक आणि लगेच फोन कर. मालकाला मी तासभर बोलण्यात गुंतवून ठेवतो. तू हो म्हणालास तरच पैसे देईन.

तुझा,
बंड्या